कागद आधी तू वाच

प्रिय बाय,

या वर्षी राखेच्या बुधवारची राख मी केली. चर्चचे सेवक कंबर धरल्यामुळे घरी होते, म्हणून फादरांनी मला हाक मारली. मागच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेली पानं लोकांनी आणून टोपलीत टाकली होती. वर्षभर कुणाच्या आल्तारावर, कुणाच्या दाराच्या चौकटीवर, कुणाच्या बायबलात राहिलेली, सुकून पिवळी पडलेली. मागच्या अंगणात लोखंडी घमेल्यात ती पेटवली तर भपकन जाळ झाला आणि मी तांब्यातलं पाणी पिऊन वळेपर्यंत विझलाही. टोपलीभर पानांची राख झाली दोन मुठी. ती थंड झाली की हाताने चुरायची, मग जुन्या मलमलीतून चाळायची, म्हणजे कपाळावर लावताना टोचत नाही. चाळताना ती नाकात जाते, नखांत बसते. माझ्या नखांतून दोन दिवस निघाली नाही.

आपल्या घरातली जुडीही मी नेली होती. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे किती वर्षांची पानं साठली होती कोण जाणे. ती घमेल्यात टाकता टाकता हातात एक क्रूस आला. नारळाच्या कोवळ्या पातीचा, बोटभर लांबीचा, विणलेला. पातीची शेवटची शेपटी मागच्या घडीत खोचलेली. बाकी सगळे ती शेपटी विळीने कापून टाकायचे. तू कापायची नाहीस. आई ओरडायची, एवढा वेळ लावतेस म्हणून, तर तू म्हणायचीस, कापलं की पुढच्या वर्षी सुटतं, खोचलं की राहतं. तो राहिला होता. तुझ्या लग्नाआधीचा म्हणजे चाळीस वर्षांचा तरी असणार. माझ्याने तो जाळवला नाही. खिशात टाकला. या पत्राच्या पाकिटात तो आहे, जपून उघड.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेला मी रांगेत उभा राहिलो आणि फादरांनी मीच केलेली राख माझ्या कपाळाला लावली. तेव्हा मला कळलं की यंदा मी हे नुसतं कपाळावर घेऊन घरी जाऊ शकणार नाही.

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी मी तुझ्याकडे आलो होतो. तुला वाटलं सहज आलो. तू चहा केलास, खारी दिलीस, भावोजींची औषधं बदलल्याचं सांगितलंस. मी तासभर बसलो, तोंडाशी आलेलं तीन वेळा गिळलं आणि उठलो. निघताना तू पिशवीत शेवग्याच्या शेंगा घातल्यास. रस्त्यात मी ती पिशवी दोन्ही हातांनी धरून चालत होतो. मला बोलता येत नाही, बाय, म्हणून लिहितो. हे लिहिलेलं मी मासिकाला द्यावं असंही मनात आहे, कारण आपल्याकडच्या वाड्यांत माझ्यासारखे भाऊ पुष्कळ आहेत आणि आम्ही सगळे मिस्सेला पुढच्या बाकांवर बसतो. पण आधी ते तुझ्या हातात पडेल. तू हो म्हणालीस तरच छापलं जाईल. नाही म्हणालीस तर हे आपल्या दोघांतच राहील आणि जे करायचं ठरवलंय ते तरीही होईल.

१९९३ साली पावसाळा संपता संपता मी तुला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तुझी थोरली तेव्हा सात महिन्यांची होती, तुझ्या खांद्यावर झोपली होती. आईही होती. वकिलाने टाइप केलेले कागद मी घेऊन आलो होतो. कचेरीत पंखा चालत नव्हता. तू एका हाताने पोरीला सावरत दुसऱ्या हाताने सही केलीस, मग कारकुनाने तुझा डावा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला आणि कागदावर उमटवला. शाई पुसायला काही नव्हतं. तू अंगठा भिंतीला पुसलास. तिथे आधीच्या शेकडो अंगठ्यांचे डाग होते, त्यात तुझा एक. सही करण्याआधी तू मला विचारलंस, "दादा, काय लिहिलंय यात?" मी म्हणालो, "काही नाही गं, नुसती फॉर्मॅलिटी. सातबारावर एकच नाव असलं की बरं पडतं." तू मान हलवलीस. बाहेर येऊन मी तुम्हा दोघींना उसाचा रस पाजला.

तो कागद हक्कसोडपत्र होता. बाबांच्या छत्तीस गुंठे वाडीतला तुझा हक्क तू, आणि आईचा आईने, मला विनामोबदला सोडून दिला असं त्यात लिहिलं होतं. महिन्याभरात फेरफार झाला आणि सातबारावर माझं एकट्याचं नाव लागलं.

मला कायदा माहीत नव्हता असं म्हणण्याची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही. आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. बाप मृत्युपत्र न करता गेला तर एक तृतीयांश विधवेला, उरलेलं मुलांना, आणि मुलगा-मुलगी यांत फरक नाही. केरळातल्या मेरी रॉय यांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली दिला तेव्हा मी तो पेपरात वाचला होता, आणि चहाच्या टपरीवर त्यांची बाजू घेऊन वादही घातला होता. त्रावणकोरच्या जुन्या कायद्यात तिथल्या ख्रिस्ती मुलींना भावांच्या मानाने नाममात्र वाटा मिळायचा. त्या बाईंना भावाविरुद्ध दिल्लीपर्यंत जावं लागलं. तुला कुठे जावं लागणार नव्हतं. आपल्याकडे तुझा वाटा कायद्यानेच तुझा होता. बारा गुंठे आईचे, बारा तुझे, बारा माझे. इतका साधा हिशेब. तो मला येत होता म्हणूनच तर मी कागद करून घेतला.

आणि त्याच वर्षांत मी हरित वसईच्या मोर्च्यांना जात होतो. फादर दिब्रिटो पुढे आणि आम्ही वाडीवाले मागे. बिल्डर आमच्या जमिनी गिळतायत, बावखलांची तळी बुजवतायत, गोड्या विहिरी खारट होतायत, म्हणून मी घसा बसेपर्यंत ओरडलो आहे. ते ओरडणं खोटं नव्हतं. आजही मला त्या लढ्याचा अभिमान आहे. पण जमीन लुबाडणारा बाहेरून येतो, गाडीतून उतरतो, त्याच्या हातात ब्रीफकेस असते, असं मी धरून चाललो होतो. तो तुझ्या शेजारी बसून उसाच्या रसाचे पैसे देताना मला दिसला नाही.

यापुढचं लिहायला हात जड होतो. भावोजींचं ऑपरेशन निघालं तेव्हा तू माझ्याकडे आलीस आणि पन्नास हजार उसने मागितलेस. मी लगेच दिले. तू रडलीस, म्हणालीस, दादा होता म्हणून निभावलं. मग पंचवीस महिने दर महिन्याला दोन हजार आणून दिलेस. कधी तू, कधी पोरगी सायकलवरून. एकही हप्ता चुकला नाही. मी ते मोजून घेतले, बाय. त्याआधी मी दहा गुंठे विकले होते, २००६ साली, आणि त्यातला पैसा बँकेत होता. तुझ्याच जमिनीच्या पैशातून तुला कर्ज दिलं, तू ते फेडलंस आणि वर माझे आभार मानलेस. हक्कसोडपत्राइतकंच, कदाचित त्याहून जास्त, मला ते आभार छळतात. जमीन मी कागद करून घेतली होती. ते आभार तर मी तोंडाने, हसून घेतले.

आईला सगळं कळत होतं. २०११ मध्ये ती गेली त्याच्या चार दिवस आधी तिने माझा हात धरला आणि एवढंच म्हणाली, "बायला तिचं दे." मी "हो आई" म्हणालो. तेलाभ्यंग झाला, जपमाळ झाली, ती शांत गेली असं सगळ्यांनी म्हटलं. ती माझ्या "हो"वर विसंबून गेली.

तू विचारशील की इतकी वर्षं मी कन्फेशनला जात होतो, तिथे काय सांगत होतो. खरं सांगतो. राग आला, मिस्सा चुकली, बायकोला टाकून बोललो, परनिंदा केली. दरवर्षी पुनरुत्थानाआधी आणि नाताळाआधी हीच यादी. शब्दसुद्धा तेच. सोडवून झालेलं गणित पुन्हा लिहावं तसं. जमीन ही पापाच्या रकान्यात येते हे माझ्या मनातच येऊ द्यायचो नाही मी. ती कागदांची बाब, तलाठ्याची बाब, घरातली बाब. देवाकडे नेण्याच्या गोष्टी वेगळ्या आणि कपाटात ठेवण्याच्या वेगळ्या, अशी वाटणी मी करून टाकली होती. जाळीपलीकडून क्षमेचे शब्द ऐकू यायचे, तीन 'नमो मरिया' म्हणून मी हलका होऊन घरी यायचो. ज्या ओझ्याखाली मी होतो त्याला हातही लागलेला नसायचा.

आणि आपली श्रद्धा याबाबतीत किती स्पष्ट बोलते बघ. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात लिहिलंय की पापाची क्षमा झाली तरी त्या पापाने केलेलं नुकसान आपोआप भरून येत नाही. चोरलेलं परत करणं, बदनाम केलेल्याचं नाव परत उजळवणं हे पाप्याच्या अंगावर राहतंच. लहानपणी रविवारच्या वर्गात सिस्टर हेच शिकवायच्या. पेन्सिल चोरलीस तर कन्फेशनही कर आणि पेन्सिलही परत दे. पेन्सिलीचं मला कळत होतं.

गेल्या वर्षी प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या रविवारी दुसरं वाचन माझ्याकडे होतं. करिंथकरांस पौलाचं दुसरं पत्र, पाचवा अध्याय. जो ख्रिस्तात आहे तो नवी निर्मिती होतो, जुनं सरून जातं, आणि देवाने आपल्याशी समेट केला म्हणून आपणही समेटाचं काम अंगावर घ्यायचं, असा त्या उताऱ्याचा आशय. माझा आवाज चांगला आहे असं लोक म्हणतात. मी सावकाश, थांबत थांबत वाचलं. वाचून खाली उतरताना चौथ्या बाकावर तू दिसलीस. त्या दिवशी तू आमच्याकडे जेवायला आली होतीस. तू माझ्याकडे बघून हसलीस, लहानपणी मी शाळेत बक्षीस घेऊन उतरायचो तेव्हा हसायचीस तशी. लगेच शुभवर्तमान झालं, उधळ्या पुत्राचं. आपल्या घरात तो दाखला वाचला की मी नेहमी स्वतःला थोरला भाऊ समजायचो. घरी राहिलेला, राबलेला, ज्याला कधी करडूही मिळालं नाही. त्या रविवारी पहिल्यांदा वाटलं की घराबाहेर पाऊल न टाकताही माणूस दूरदेशी जाऊ शकतो. बापाची मालमत्ता वाटून न घेता सगळीच ठेवून घेतली, एवढाच काय तो त्या धाकट्यात आणि माझ्यात फरक.

ते जुबिली वर्ष होतं. पोप फ्रान्सिस यांनी उघडलेलं, आणि ते गेल्यावर पोप लिओंनी या ६ जानेवारीला बंद केलेलं. आपल्या गावातूनही लोक रोमला पवित्र द्वारातून जाऊन आले, मोबाइलवर फोटो आले. मी गेलो नाही, पण जुबिली म्हणजे काय ते वाचायला लेवीय पुस्तकाचा पंचविसावा अध्याय काढला. पन्नासाव्या वर्षी मेंढ्याच्या शिंगाची तुतारी फुंकायची, त्या शिंगावरूनच जुबिली हा शब्द आला. आणि तुतारी फुंकली की काय करायचं? उपवास नव्हे, यात्रा नव्हे. ज्याची जमीन गेली असेल त्याला ती परत मिळायची. दास असतील ते सुटून आपापल्या घरी जायचे. का, तर जमीन परमेश्वराची, आपण तिच्यावर राहणारे पाहुणे. मी चष्मा काढून ठेवला. एवढं वर्षभर जुबिली जुबिली म्हणून आम्ही बॅनर लावले आणि तिच्या मुळाशी सातबारा आहे हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

तरी मी आणखी वर्षभर काही केलं नाही. हेही तुला माहीत असावं. माणसाला कळतं आणि तरी तो बसून राहतो. मला वाईट वाटत होतं, रात्री झोप लागत नव्हती, आणि वाईट वाटतंय म्हणजे आपण पश्चात्ताप करतोय असं मी समजत होतो. आपला मराठी शब्द बघ, पश्चात्ताप. मागाहून होणारा ताप. शब्द चांगला आहे, पण तो तापापाशी थांबतो. जुन्या करारात हिब्रू भाषेत त्यासाठी शूब हे क्रियापद येतं, आणि त्याचा साधा अर्थ परत फिरणं. वाट चुकलेला माणूस वळतो आणि आल्या वाटेने मागे जातो, तसं. तो शब्द पायांचा आहे. मी तेहेतीस वर्षं अंथरुणावर पडून तापत होतो.

पंडिता रमाबाईंनी आपल्या साक्षीत एक गोष्ट लिहून ठेवली आहे. त्या आपल्या पंथाच्या नव्हत्या, पण याबाबतीत माझ्या गुरू आहेत. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. भारतात येऊन १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींसाठी जिवाचं रान केलं. आणि तरी बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त अजून सापडलेला नाही. त्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन त्यांच्या वाचनात आलं. हा गृहस्थ कित्येक वर्षं धर्मगुरू होता आणि आपल्याच व्यासपीठावर प्रवचन करता करता त्याचं परिवर्तन झालं. रमाबाईंसारखी बाई, संस्कृत कोळून प्यालेली, सगळ्या देशाने जिचं कौतुक केलं ती, हे उघड लिहिते की आतून मी अजून कोरडी होते. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली शेकडो मुली रडत, प्रार्थना करत, आपली पापं बोलून दाखवत होत्या, तो मोठा जागर झाला. त्याच्या मुळाशी मला ही आधीची एकट्या बाईची कबुली दिसते. व्यासपीठावरून वाचणाऱ्या माणसाला तिचा फार आधार वाटतो.

तर राखेच्या बुधवारनंतरच्या शनिवारी मी कन्फेशनला गेलो. आपले नवे फादर वयाने लहान आहेत. तू अंगठा उमटवलास तेव्हा त्यांचा जन्मही झाला नव्हता. मी नेहमीची यादी सुरू केली आणि दुसऱ्या वाक्याला थांबलो. मग सगळं सांगितलं. कचेरी, कागद, रस, पन्नास हजार, आई. कन्फेशनची गुप्तता त्यांच्यावर बंधनकारक आहे, माझ्यावर नाही, म्हणून तुला सांगू शकतो. त्यांनी उपदेश केला नाही. बराच वेळ जाळीपलीकडे शांतता होती. मग त्यांनी विचारलं, "ताईंना हे तुमच्या तोंडून कळलंय?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "मग तुमचं प्रायश्चित्त प्रार्थनांचं नाही. त्यांच्या घरचा रस्ता हेच तुमचं प्रायश्चित्त." आणि त्यांनी क्षमेची प्रार्थना म्हटली. बाहेर आलो तेव्हा हलकं वाटलं नाही. भीती वाटली. पण ती खरी भीती होती, बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा मी देवाच्या समोर आहे असं वाटलं. त्या रात्री 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणताना अपराधांच्या ओळीपाशी अडलो, आणि अडलेला असतानाच झोप लागली. चांगली लागली.

आता हिशेब. जक्कय जकातदार झाडावरून उतरला, प्रभू त्याच्या घरी गेला, आणि जक्कयाने उभं राहून काय सांगितलं? मला फार वाईट वाटतं असं तो म्हणाला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत, असं आकड्यांत बोलला. असंच चौपट मला नाथान संदेष्ट्याच्या गोष्टीतही सापडलं. गरिबाची एकुलती एक कोकरी श्रीमंताने कापून पाहुण्याला वाढली, ही गोष्ट ऐकून दावीद राजा संतापला आणि म्हणाला, त्या माणसाने चौपट भरून द्यावं. तेव्हा नाथानने सांगितलं की तो माणूस तूच. एक्कावन्नावं स्तोत्र, आपण प्रायश्चित्तकाळभर गातो ते, या प्रसंगानंतरचं म्हणून सांगतात. बाय, माझ्याकडे चौपट नाही. जे आहे ते असं.

छत्तीस गुंठ्यांत तुझे बारा आणि आईच्या बारातले सहा, म्हणजे अठरा तुझे. मी विकलेले दहा माझ्या अठरातून गेले असं धरायचं. उरलेल्या सव्वीसपैकी अठरा तुझे, आठ माझे. कुठले अठरा तेही ठरवलं आहे. विहिरीची बाजू, बावखलापर्यंत. जिथे राजेळी केळी होती आणि चैत्रात आपण अंगणात सुकेळी वाळत घालायचो, कावळे हाकलायला तुला बसवायचो, आणि तू कावळ्यांपेक्षा जास्त खायचीस. ती माती अजून चांगली आहे. गेल्या तेहेतीस वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब मी वहीत मांडलाय, माझ्याकडच्या जुन्या वह्यांवरून. तुझ्या वाट्याचे पैसे एकदम देता येणार नाहीत, पण दर महिन्याला देईन. तुझ्यासारखे न चुकता. ते पन्नास हजार वेगळे, ते पाकिटात आहेत.

तुझ्या वहिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं." म्हटलं होतं, खरंच. मीच गप्प बसवलं होतं. मुलाने विचारलं, "पप्पा, आत्ताच का?" त्याला त्या आठ गुंठ्यांत काय मिळणार हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि त्याचं चूक नाही. मी त्याला म्हणालो, तुला जमीन कमी मिळेल, पण तुझ्या आत्याच्या घरी तुला खाली मान घालून जावं लागणार नाही. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन माझ्याबरोबर वाडीत आला आणि हद्दीचे दगड धरायला मदत केली.

पेत्र आणि यहूदा यांच्याबद्दल मी या दिवसांत फार विचार केला. दोघांनीही त्याच रात्री प्रभूला दगा दिला, दोघांनाही पस्तावा झाला. यहूदाने तर पैसेही परत नेले, तीसच्या तीस नाणी. पण नेली कुणाकडे? ज्यांनी ती दिली होती त्यांच्याकडे. ज्याला विकलं त्याच्याकडे तो गेला नाही, आणि त्या याजकांनी त्याला सांगितलं की आम्हाला त्याचं काय. पेत्र मात्र किनाऱ्यावर प्रभू दिसताच होडीतून पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे गेला. आणि तिथे एक गोष्ट आहे जी मला आत्ता आत्ता कळली. महायाजकाच्या वाड्यात पेत्राने तीनदा नाकारलं ते कोळशाच्या निखाऱ्यांपाशी हात शेकत. पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी प्रभूने त्याच्यासाठी मासे भाजले तेही कोळशाच्या निखाऱ्यांवर. योहानाने त्यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द वापरला तो सगळ्या नव्या करारात याच दोन जागी येतो. तोच वास, तोच धूर. तिथे उभं करून त्याने पेत्राला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस ना. प्रभूने त्याला दुसऱ्या कुठल्या स्वच्छ जागी नेलं नाही.

म्हणून मला वाटतं आपणही त्याच कचेरीत जावं. इमारत आता नवी आहे, पण जागा तीच.

तू मला माफ करावंस असं मी या पत्रात मागत नाही. ते तुझं आहे, तुझ्या वेळेने, किंवा कधीच नाही. मला तुझ्या मनातलं माहीत नाही. तुला पहिल्या दिवसापासून कळलं होतं की नाही हेसुद्धा मी कधी विचारलेलं नाही. पास्काच्या रात्री नवा अग्नी पेटवतात, पाणी शिंपडतात आणि आपण बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा उभे राहून देतो, तेव्हा मला तुझ्या बाजूला उभं राहायचंय. तू म्हणालीस तर. नाही म्हणालीस तर मी मागच्या बाकावर उभा राहीन.

पवित्र आठवड्यातल्या सोमवारी सकाळी अकराची वेळ घेतली आहे. बक्षीसपत्र करायचं आहे, मुद्रांक शुल्क मी भरलं आहे. तू आधार कार्ड, पॅन कार्ड आणि दोन फोटो आण. भावोजींना बरं असेल तर त्यांनाही घे, नसेल तर थोरलीला घेऊन ये, ती आता शिकलेली आहे. अंगठ्याला शाई लागत नाही हल्ली, छोट्या यंत्रावर बोट ठेवतात, लाल उजेड येतो. कागद मराठीतच करायला सांगितलाय. मी बाजूच्या बाकावर बसेन. तू तो आधी वाच, पहिल्या ओळीपासून, मोठ्याने वाचलास तरी चालेल. जे कळणार नाही ते विचार.

तुझा,
दादा